चपटा सेल चार्जिंगचा घेतला तर लवकर का उतरतो?

प्रश्न: वजनकाट्यात सीआर2032 सेल लागतो, तो सारखा फेकायला नको म्हणून त्याच मापाचा चार्जिंगचा एलआयआर2032 आणला, पण तो फार लवकर उतरतो. डुप्लिकेट मिळालाय का? – एक वाचक, सातारा

उत्तर: डुप्लिकेटच असेल असं नाही. दोघांचं माप एकच, 20 मिमी व्यास, 3.2 मिमी जाडी, पण साध्या सेलात साधारण 220 एमएएच (मिलिअँपिअर-तास, साठवलेल्या चार्जचं माप) मावतात आणि चार्जिंगच्यात जेमतेम 40. कारण साध्यात चक्क लिथियम धातूची चकती असते, चार्जिंगच्यात लिथियम ग्राफाइटमध्ये साठवावं लागतं आणि ग्राफाइट त्याच्यापुढे फारच कमी चार्ज धरतं, शिवाय स्टीलची डबी आणि प्लास्टिकचं सील यांनीच बरीच जागा खाल्लेली असते.

मग ग्राफाइटचा लेप जाड द्यायचा ना? देतात, पण लिथियमच्या आयनांना (विद्युतभार असलेल्या कणांना) आत पोचायला वेळ लागतो आणि जास्त करंट ओढला की सेल लगेच बसतो. मला आवडलेली युक्ती म्हणजे इलेक्ट्रोडच्या, म्हणजे लेप दिलेल्या पत्र्याच्या, अरुंद पट्ट्या सुरळीच्या वडीसारख्या गुंडाळून डबीत बसवायच्या, लेप पातळ राहूनही पृष्ठभाग कितीतरी वाढतो! वायरलेस इअरबड्समध्ये असे सेल असतात, 12 मिमीच्या सेलात 60 एमएएचच्या आसपास बसवलेत, अर्थात जाडी 5 मिमीच्या वर गेली. ग्राफाइटमध्ये सिलिकॉन मिसळलं की क्षमता अजून वाढते, फक्त ते चार्ज होताना फुगतं, त्याला डबीत जागा ठेवावी लागते.

आणि हो, तो सेल आधी काढा, फुल चार्जला तो 4.2 व्होल्ट देतो, काटा 3 व्होल्टचा आहे, सर्किट जाऊ शकतं.