चित्र दिसतं, आवाज गायब!

प्रश्न : घरच्या लग्नांचे व्हिडिओ, जुने पिक्चर, बाबांची नाट्यगीतं असं सगळं एका हार्डडिस्कवर आहे. टीव्हीला लावली की काही फायलींचं चित्र दिसतं पण आवाजच येत नाही, आणि मोठी फाइल पेनड्राइव्हवर घ्यायला गेलं तर जागा असून कॉपी होत नाही. टीव्हीला जोडायचा मीडिया प्लेयरचा डबा घ्यावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : लगेच पैसे घालू नका हो. आवाज नाही म्हणजे बहुतेक त्या फायलीत डीटीएस ऑडिओ (आवाज साठवायचा एक प्रकार) असणार, बरेच टीव्ही तो वाजवतच नाहीत, फाइल खराब झालेली नसते. पेनड्राइव्हचं म्हणाल तर तो फॅट३२ मध्ये, म्हणजे फायली मांडायच्या जुन्या पद्धतीत, फॉरमॅट केलेला असेल, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. एक्सफॅट या मोठ्या फायली घेणाऱ्या नव्या पद्धतीत फॉरमॅट करून बघा, पण आधी आतलं सगळं दुसरीकडे काढून ठेवा, फॉरमॅट मारला की साफ!

टीव्ही अँड्रॉइडवाला असेल तर कोडी किंवा व्हीएलसी ही व्हिडिओ बघायची ॲप टाका, फुकट आहेत, आवाजाचं काम बहुतेक तिथेच होतं. आणि घरात जुना लॅपटॉप धूळ खात पडला असेल तर त्यावर जेलीफिन (एका कॉम्प्युटरवरच्या फायली घरातल्या बाकी उपकरणांवर दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून हार्डडिस्क कायमची त्यालाच जोडा, म्हणजे टीव्ही, मोबाइल, बाबांचा टॅब सगळीकडे तेच दिसेल, नाट्यगीतंसुद्धा, आणि घरातल्या घरात बघायला इंटरनेटचा डेटा पण जात नाही. वायफायवर अडकत असेल तर लॅपटॉप राउटरला केबलने जोडा. एवढं करून नाहीच जमलं तर घ्या प्लेयर.

बाकी लग्नाचे व्हिडिओ एकाच डिस्कवर ठेवलेत, हे काही बरं नाही. दुसरी कॉपी आजच काढा.