‘किती वाजता सुरू झालं?’ : अंडकोषाच्या दुखण्याची एक केस

‘सर, 4 महिने झाले, डावी गोटी दुखते. हाताने करायची सवय कॉलेजपासून आहे, तिचाच परिणाम असणार. लग्न ठरलंय. मूल होईल ना?’

24 वर्षांच्या तरुणाने भेटीआधीच्या अर्जावर एवढंच लिहिलं होतं. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत. ओळी मात्र बदलायची गरज नव्हती, कारण अशाच ओळी थोड्याफार फरकाने अनेक जण लिहितात. दुखणं, सवय, लग्न, मूल, ही साखळी ठरलेली. गुडघा दुखला तर माणूस विचारतो, कशाने दुखत असेल? हीच जागा दुखली की विचारतो, मी काय केलं म्हणून दुखतंय?

म्हणून आधी सवयीचा निकाल लावला. हस्तमैथुनाने वृषणाला (अंडकोषाच्या पिशवीतल्या गोटीला) इजा होत नाही, शिरा सुजत नाहीत, शुक्रजंतूंचा साठा संपत नाही. शुक्रजंतू सतत तयार होत असतात, एक खेप तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात आणि तोवर पुढच्या खेपांचं काम सुरू झालेलं असतं. एक दुखणं मात्र या बाजूचं आहे: बराच वेळ उत्तेजना राहिली आणि वीर्यपतन झालंच नाही, तर रक्त भरून राहिल्यामुळे दोन्ही बाजूंना जडपणा आणि बोथट दुखणं जाणवतं. काही वेळात ते आपोआप जातं. म्हणजे झालाच तर त्रास ‘न करण्याने’ होतो! हे ऐकल्यावर तो पहिल्यांदा नीट टेकून बसला.

मग खरा प्रश्न. किती वाजता सुरू झालं?

तो गोंधळला. ‘वाजता असं नाही सांगता येणार. हळूहळू जाणवायला लागलं. संध्याकाळी जास्त.’

‘घड्याळ सांगता येत नाही’ हेच इथलं मोठं उत्तर. अंडकोषाच्या दुखण्यात किती दुखतं यापेक्षा कसं सुरू झालं याने जास्त उलगडा होतो. दुखणं वेळेसकट सांगता आलं (‘जेवून उठलो आणि कळ आली’, ‘2 वाजता झोपेतून उठवलं त्या कळेने’) तर आधी पीळ पडल्याचा, म्हणजे वृषण फिरून त्याचा रक्तपुरवठा आवळल्याचा, संशय घ्यायचा आणि तडक रुग्णालयात जायचं. एकदोन दिवसांत चढत गेलं तर इन्फेक्शन. महिनोन्‌महिने ये-जा करत राहिलं तर बहुधा शिरा फुगणं, पिशवीत पाणी साचणं, हर्निया, किंवा कंबर-जांघेतून उतरलेलं दुखणं. हा ठोकताळा आहे, निदान नव्हे. पण कुठे धावायचं आणि किती घाईने, हे ठरवायला पुरतो.

त्याचं काम दिवसभर उभ्याने. सकाळी उठल्यावर काहीच नाही, दुपारनंतर डाव्या बाजूला ओढ लागल्यासारखं, रात्री आडवं झालं की अर्ध्या तासात बरं. हे वर्णन व्हेरिकोसीलचं, म्हणजे वृषणाकडून वर जाणाऱ्या शिरा फुगण्याचं. पायांच्या शिरा फुगतात तसाच प्रकार. शिरेतल्या झडपा नीट मिटल्या नाहीत की उभं राहिल्यावर रक्त खाली साचतं. तेही बहुतेक वेळा डावीकडेच, कारण डावीकडची शीर सरळ वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, तर उजवीकडची पोटातल्या मोठ्या शिरेत तिरकी शिरते. साधारण 100 पुरुषांत 15 जणांना हे असतं आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. हाताला पिशवीत गांडुळांचा गुंता असल्यासारखं लागतं. डॉक्टर रुग्णाला उभं करून, श्वास रोखून पोटावर जोर द्यायला सांगून तपासतात. आडव्या माणसात गुंता रिकामा होऊन निसटून जातो. आडवं झाल्यावरही तो तसाच राहिला, फक्त उजवीकडे असला किंवा चाळिशीनंतर अचानक उपटला, तर पोटाची सोनोग्राफी करून मूत्रपिंड बघावं लागतं. (डावं वृषण उजव्यापेक्षा थोडं खाली लोंबतं, हा मात्र आजार नाही. बहुतेकांचं तसंच असतं.)

इथवर सगळं सरळ होतं. सर्जनकडे जा, सोनोग्राफी करा, तोवर घट्ट आधाराची चड्डी वापरा, एवढं सांगून भेट संपली असती. पण यादीतला एक प्रश्न उरला होता: याआधी कधी, कुठल्याही बाजूला, अचानक दुखलं होतं?

‘दोन वर्षांपूर्वी एकदा. पण ते उजवीकडे. आणि ते पोटाचं होतं.’

तो सहज सांगून मोकळा होणार होता. थांबवून विचारल्यावर तपशील आले. पहाटे झोपेतून उठला. उजव्या बाजूला आणि बेंबीखाली एकदम कळ. घाम. दोन उलट्या. चालता येईना, वाकून भिंतीला धरून उभा राहिला. सुमारे 40 मिनिटांनी, कोणी बटण बंद करावं तसं, सगळं थांबलं. सकाळी जागा थोडी हुळहुळत होती. ‘बाधलं असेल काहीतरी’ म्हणून त्याने विषय संपवला. मागच्या पावसाळ्यात पुन्हा एकदा, 10-15 मिनिटं.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. ज्या डाव्या दुखण्यापायी त्याने 4 महिने झोप घालवली त्याची घाई नव्हती. उजवीकडचं, जे त्याने अर्जात लिहिलंही नाही, त्यात वेळ दवडून चालणार नव्हतं.

वृषण ज्या दोरीला लटकतं तिच्यातूनच त्याचा रक्तपुरवठा येतो. सहसा वृषण मागच्या बाजूने पिशवीच्या भिंतीला धरलेलं असतं. काही जणांत ही पकड जन्मतःच नसते आणि ते घंटेतल्या लोलकासारखं मोकळं, बऱ्याचदा आडवं लटकतं. मग झोपेत, थंडीत, खेळताना, मार लागल्यावर, कधी काहीच न होता, दोरीचा स्नायू आकसतो, वृषण वर खेचलं जातं आणि फिरून दोरीला पीळ बसतो. पीळ पडला की आधी शिरा दबतात, वृषण सुजतं, मग धमनीही बंद होते. बाधित वृषण वर चढलेलं दिसतं. मांडीच्या आतल्या बाजूला हलकेच बोट ओढलं तर त्या बाजूचं वृषण एरवी टुणकन वर सरकतं. पीळ असताना ते बहुधा हलत नाही. उलट्या होतात. ताप सहसा नसतो, लघवीला जळजळही नसते. 12 ते 18 हे सर्वांत धोक्याचं वय, पण विशी-तिशीतही होतं.

पीळ आपोआप सुटला की दुखणं बटण बंद केल्यासारखं जातं. माणूस सुटलो म्हणतो. पण लटकण्याची तऱ्हा तीच राहते, आणि पुढच्या खेपेला पीळ सुटेलच असं नाही. 6 तासांच्या आत शस्त्रक्रियेने सोडवला तर वृषण बहुतेक वेळा वाचतं. 12 तासांवर शक्यता निम्म्यावर येते, 24 तासांनंतर फारच थोडी उरते. पहाटे 2 ला कळ आली आणि ‘सकाळी दवाखाना उघडला की जाऊ’ म्हटलं, तर 8 वाजता ते 6 तास संपलेले असतात. बरीच वृषणं जातात ती या ‘सकाळी बघू’मुळे. वेदनाशामक गोळी घेऊन गुण येतो का बघत बसणं ही दुसरी चूक. तिसरी म्हणजे कुठेतरी वाचून स्वतःच उलटं फिरवून बघणं. पीळ नेहमी एकाच दिशेचा नसतो, चुकीच्या बाजूला फिरवला तर आणखी आवळतो. निघताना खाऊ-पिऊ नये, भूल द्यावी लागू शकते. लक्षणं स्पष्ट असतील तर सर्जन डॉप्लर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या) सोनोग्राफीसाठीही थांबत नाहीत, थेट उघडून बघतात. आणि ते बरोबरच आहे.

बाकीची कारणं त्याला थोडक्यातच सांगितली, कारण त्याची गोष्ट तशी नव्हती. इन्फेक्शन बहुधा वृषणाच्या पाठीला चिकटलेल्या नळीच्या गुंडाळीत, अधिवृषणात, सुरू होतं: एकदोन दिवसांत वाढत जाणारी सूज, जळजळ, ताप. तरुणांत ते बरेचदा लैंगिक संबंधांतून आलेलं असतं, तेव्हा जोडीदाराचाही उपचार लागतो. वयस्कांत लघवीच्या मार्गातल्या जंतूंमुळे. अँटिबायोटिकने तिसऱ्या दिवशी बरं वाटतं आणि तिथेच लोक गोळ्या सोडतात. कोर्स बहुधा 10 ते 14 दिवसांचा, आणि सूज उतरायला काही आठवडे लागतात. तोवर ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून डॉक्टर बदलण्यात अर्थ नाही. वयात आलेल्या मुलाला गालगुंड झाले, तर साधारण आठवडाभरात वृषण सुजू शकतं, तिथे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. मुतखड्याची कळ कुशीतून निघून वृषणात उतरते आणि तपासलं तर तिथे काहीच सापडत नाही. गर्भात वृषण मूत्रपिंडाजवळच तयार होऊन खाली येतं, दोघांच्या नसा जवळच्या. जांघेतली फुगी खोकल्यावर वाढत असेल तर हर्निया; ती आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या झाल्या तर तीही त्याच रात्रीची धावपळ. मधुमेही माणसात तिथली कातडी लाल-काळी पडून ताप आला तरी तसंच.

कॅन्सरचं भय त्याने शेवटी, दाराकडे बघत विचारलं. वृषणाचा कॅन्सर साधारण 15 ते 35 या वयातच जास्त दिसतो, पण त्याची गाठ बहुधा दुखत नाही. म्हणूनच ती अंगावर काढली जाते. महिन्यातून एकदा, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर पिशवी सैल असताना, प्रत्येक वृषण अंगठा आणि बोटांमध्ये हलकेच फिरवून बघावं. पाठीमागे मऊ दोरीसारखं लागतं ते अधिवृषण, त्याला गाठ समजू नये. वृषणावरच कडक, खड्यासारखं काही लागलं तर दुखो न दुखो, त्या आठवड्यात दाखवावं.

सर्जनच्या तपासणीत डावीकडे मध्यम व्हेरिकोसील निघालं आणि उभं असताना उजवं वृषण आडवं लटकताना दिसलं. अधूनमधून पडणाऱ्या पिळाचा इतिहास ऐकून त्यांनी दोन्ही वृषणं टाके घालून पिशवीच्या भिंतीला बसवून घ्यायला सांगितली. दोन्ही, कारण एका बाजूची पकड सैल असली की दुसऱ्या बाजूचीही बरेचदा तशीच असते. व्हेरिकोसीलला लगेच हात लावायचा नाही असं ठरलं. दुखणं हटलं नाही किंवा वीर्यतपासणीत कमतरता दिसली तर पुढचा विचार.

वीर्यतपासणीचं ऐकून तो ओशाळला, कारण नमुना देण्याची रीत तीच, जिच्यामुळे तो इतके दिवस स्वतःला दोष देत होता. त्याला नियम सांगितले: 2 ते 7 दिवस वीर्यपतन नको. नमुना स्वच्छ डबीत पूर्ण हवा, सुरुवातीचा भाग सांडला तर लॅबला सांगायचं, कारण त्यातच शुक्रजंतू जास्त असतात. साधा कंडोम किंवा तेल-साबण वापरायचा नाही. नमुना घरून आणायचा असेल तर डबी अंगाजवळ, खिशात ठेवून तासाभरात पोचवायची. एक रिपोर्ट कमी आला म्हणून घाबरायचं नाही; मधल्या तापानेही आकडे घसरतात, म्हणून तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करतात.

शस्त्रक्रियेची तारीख 12 दिवसांनी होती. ‘तोवर रात्री परत झालं तर? घरी काय सांगू? पोटात दुखतंय म्हणू?’

नाही. तसं म्हटलं की घरचे ओवा देतात आणि कॅज्युअल्टीतले डॉक्टर पोट तपासतात. मुलगे लाजून पोटाचं नाव घेतात आणि विजार उतरवून बघेपर्यंत तास-दोन तास जातात. जे म्हणायचं ते तिथेच एका कागदावर लिहून दिलं:

‘उजव्या अंडकोषात 2 वाजल्यापासून अचानक जोरात दुखतंय. दोनदा उलटी झाली. आधीही असं होऊन आपोआप थांबलंय. पीळ पडलाय का ते आत्ता बघा.’

त्याने ते मोबाईलमध्ये उतरवून घेतलं. मग विचारलं, धाकटा भाऊ 14 वर्षांचा आहे, त्याला हे पाठवलं तर चालेल का? चालेल, म्हटलं. फक्त वेळेची जागा रिकामी ठेवा.