दुरुस्तीचं टेबल : बळदातून निघालेली ग्रासहॉपर

प्रश्न : काका, नमस्कार. सेलूजवळच्या आमच्या गावातलं माळवदाचं घर यंदा उतरवलं. बळद रिकामं करताना एक पुठ्ठ्याचं खोकं निघालं, त्यात बाबांची लहानपणची रिमोटची गाडी. बाबांचे मामा मस्कतला नोकरीला होते, त्यांनी १९८७ च्या दिवाळीला आणलेली. खोक्यावर टामिया आणि ग्रासहॉपर अशी नावं आहेत. गाडीवर मातीचा थर आहे. पुढचा बंपर मोडलेला आणि एम-सीलने जोडलेला, मागचा एक टायर चिरलेला, रिमोटच्या पोटात सेल फुटून हिरवट-पांढरं काहीतरी साठलेलं. ड्रायव्हरच्या हेल्मेटला आत्याचं नेलपॉलिश लावलंय. एका दुकानदाराने सांगितलं, आतलं सगळं काढून नवीन सर्किट टाकतो, बॉडी रंगवून देतो. बाबांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला गाडी अंगणात चालावी एवढीच इच्छा आहे. दुकानदाराला देऊ का?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, देऊ नका. निदान रंगवायला तर मुळीच नको.

तुमच्या हातात काय आलंय ते आधी सांगतो. ग्रासहॉपर ही जपानच्या शिझुओका शहरातल्या टामिया कंपनीची १९८४ सालची गाडी. खडबडीत रानात पळवायच्या खऱ्या बग्गी मोटारीच्या एक दशांश आकाराची, मागच्या दोन चाकांवर पळणारी. ती तयार मिळत नसे. खोक्यात सुटे भाग, स्क्रूच्या पुड्या आणि चित्रांचं पुस्तक असायचं, गाडी घरी बसून जोडावी लागायची. म्हणजे तिचा एकेक स्क्रू तुमच्या बाबांनी नाहीतर त्यांच्या मामांनी पिळलेला आहे. कंपनीने हीच गाडी २००५ मध्ये पुन्हा बाजारात आणली, त्यामुळे टायर, गिअर, बंपर असे बरेच भाग आजही ऑनलाइन मिळतात आणि जुन्या गाडीला बसतात. कोरी करकरीत ग्रासहॉपर कोणालाही विकत घेता येते. मग तुमची गाडी रंगवून कोरी दिसायला लावण्यात काय मिळवलं? तिच्यावरचे ओरखडे, तो एम-सील, ते नेलपॉलिश हे विकत मिळत नाही. माझं मत पक्कं आहे : चालण्यासाठी जे लागतं तेवढंच बदला, दिसण्यासाठी काहीही बदलू नका, आणि काढलेला प्रत्येक भाग नाव लिहून डबीत ठेवा.

सुरुवात रिमोटपासून करा, कारण सेलमधून गळलेलं रसायन आजही पितळ आणि तांबं खात असतं. इथे बहुतेक लोक एक चूक करतात. सेल फुटला की व्हिनेगर लावा, असं सगळीकडे सांगतात. ते अल्कलाइन सेलसाठी बरोबर आहे, त्यातून क्षार गळतो. आपल्याकडे त्या काळात रेडिओ-टॉर्चला घालायचे ते साधे झिंक-कार्बन सेल, आणि त्यांची गळती आम्लधर्मी असते. त्यावर व्हिनेगर म्हणजे आम्लावर आणखी आम्ल. सेलवर अल्कलाइन असं लिहिलेलं असेल तर व्हिनेगरचा बोळा, नसेल तर खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट. हातमोजे आणि चष्मा घाला. दहा मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासून पुसून घ्या आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुवा, जे गाडीच्या बॅटरीत घालायला पेट्रोल पंपावर मिळतं. बोअरचं पाणी इथे वापरू नका. आपल्या भागातलं जड पाणी वाळलं की पांढरा थर मागे ठेवतं, आणि तोच थर सर्किटवर पुन्हा ओल धरतो. स्प्रिंगा आणि पट्ट्या झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. पट्टी पार खाल्ली गेली असेल तर पितळी पत्र्याची नवी कापून सोल्डर करा.

गाडीच्या पोटात प्लॅस्टिकच्या वेष्टनात बांधलेला सहा सेलचा गठ्ठा असेल, तर ती मूळची ७.२ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी. तिला चार्जिंगला लावूनसुद्धा बघू नका. कॅडमियम विषारी असतं, म्हणून उकिरड्यावरही टाकू नका आणि जाळूही नका. पिशवीत बांधून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. जुन्या भागांपैकी ठेवायची नाही अशी ही एकच वस्तू.

आता माती. माळवदाची पांढरी माती मऊ असते, कोरड्या ब्रशने निघून जाते. चाकांच्या मधोमध आणि खालच्या तबकात, म्हणजे ज्यात सगळे भाग बसतात त्या सांगाड्यात, काळी माती वाळून बसलेली असेल, ती खरवडू नका. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की दगडासारखी आवळते. सुरीने काढायला गेलात तर खालचं प्लॅस्टिक सोलून निघेल. मोटर, सर्व्हो (रिमोटच्या हुकमावर स्टिअरिंग वगैरे वळवणारी छोटी मोटर) आणि रिसीव्हर (रिमोटचा संदेश पकडणारी डबी) काढून झाले की रिकामं तबक कोमट साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी ती आपसूक सुटते. गॅरेजच्या सवयीने पेट्रोल किंवा थिनर कोणी सुचवेल, तर त्याला गाडीजवळ फिरकू देऊ नका. ग्रासहॉपरची बॉडी पॉलिस्टायरिनची आहे, पेट्रोलने ती चिकट होऊन तडकते. नेलपॉलिश रिमूव्हरनेही तेच होतं, म्हणून आत्याचं नेलपॉलिश काढायचा विचार असेल तर तो सोडा. तसंही ते हेल्मेट मला लाखमोलाचं वाटतं.

स्क्रूबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण जुन्या गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. जपानी स्क्रूच्या डोक्यावरची फुली जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाची असते. आपला नेहमीचा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर तिच्यात पूर्ण बसत नाही, जोर लावला की उसळून बाहेर येतो आणि फुलीचा खड्डा करून ठेवतो. जेआयएस ड्रायव्हर ऑनलाइन मिळतो. मोटरसायकलचं काम करणाऱ्या जुन्या मेकॅनिककडेही कधीकधी असतो, जपानी कार्ब्युरेटरसाठी घेतलेला. स्क्रू परत बसवताना एक रीत पाळा, आयटीआयमध्ये पोरांना मी पहिल्याच दिवशी हे शिकवायचो. हे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये स्वतःचे आटे पाडून बसतात. भोकात ठेवल्यावर आधी उलटा फिरवा. 'टक्' असा बारीक आवाज येऊन स्क्रू किंचित खाली बसेल, तिथे जुना आटा सापडला. मग सुलटा पिळा. थेट पिळलात तर तो नवा आटा पाडतो, आणि चार वेळा असं झालं की भोकात धरायला काही उरत नाही.

गिअरबॉक्स उघडल्यावर जुनं ग्रीस मेणासारखं पिवळं झालेलं दिसेल. ते सगळं काढा, दात मोजा, तुटलेला नसेल तर तेच गिअर ठेवा. नवीन ग्रीस प्लॅस्टिकला चालणारं, सिलिकॉनचं, आणि तेही थोडंच. चाकांत प्लॅस्टिकचे बुश (अ‍ॅक्सल ज्यात फिरतो त्या कड्या) असतील तर ते बदलण्याचा खर्च मात्र मी जरूर करायला सांगेन. टामियाच्या गाड्यांत ज्याला ११५० म्हणतात तो बेअरिंग म्हणजे बाहेरून ११, आतून ५ आणि जाडीला ४ मिलिमीटर. बेअरिंगच्या दुकानात तोच एमआर११५ नावाने मिळतो. आधी व्हर्नियरने बुश मोजा, मगच मागवा. बुशमध्ये धूळ शिरली की तो अ‍ॅक्सल कापत जातो, आणि आपल्या भागात धुळीची काही टंचाई नाही.

मोटर ३८० साइजची असेल. दोन पेन्सिल सेल जोडून, म्हणजे ३ व्होल्टवर, फिरते का बघा. अडखळत असेल तर दोन्ही टोकांच्या बुशला शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब, आत नको. मोटरच्या पाठीवर '१०४' छापलेले तीन छोटे कपॅसिटर सोल्डर केलेले असतात. त्यातला एखादा तुटला असेल तर मोटरची खरखर रिसीव्हरला ऐकू जाते आणि गाडीचं स्टिअरिंग थरथरत राहतं. पुष्कळ जण यासाठी रिमोटला दोष देतात. हॉर्नेट या तिच्या जुळ्या बहिणीत मोठी ५४० मोटर असते, आणि कोणीतरी तुम्हाला तीच बसवा म्हणेल. जुन्या प्लॅस्टिकवर तो भार टाकू नये, असं मला वाटतं.

दुकानदार ज्याला 'आतलं सगळं' म्हणाला ते बहुधा स्पीड कंट्रोलर असेल, आणि तो तर अजिबात फेकायचा नाही. आजच्या गाड्यांत वेग ठरवायला इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. तुमच्या गाडीत एक सर्व्हो पितळी पट्टी पुढेमागे सरकवतो. हळू चालताना वीज रेझिस्टरमधून, म्हणजे तिला अडवणाऱ्या भागातून, जाते आणि तिची काही शक्ती उष्णता होऊन वाया जाते. पूर्ण वेगाला रेझिस्टर वगळून वीज थेट मोटरला मिळते. हे सगळं डोळ्यांनी दिसतं. खडूसारखा पांढरट रेझिस्टर, त्यावरून सरकणारा हात, पट्टीवरच्या काळ्या ठिणग्यांच्या खुणा. शाळकरी पोराला वीज समजावून द्यायला याहून चांगलं यंत्र माझ्या पाहण्यात नाही. पट्ट्या पेन्सिलीच्या खोडरबराने घासल्या की उजळतात. रेझिस्टर चालताना इतका तापतो की बोट लावू नये, म्हणून कुठलीही तार त्याला टेकता कामा नये. गाडी फार वेळ हळूहळूही चालवू नका.

रिमोट आणि रिसीव्हर २७ मेगाहर्ट्झचे असतील, दोन्हींत एकेक क्रिस्टल, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारा छोटा भाग. त्यांची जोडी ठरलेली असते. रिसीव्हरचा क्रिस्टल ४५५ किलोहर्ट्झने कमी असतो, म्हणून दोघांची अदलाबदल करू नका. रिसीव्हरची लांब अँटेनाची तार 'आटोपशीर' करायला कापू नका, तिच्या लांबीवर पल्ला ठरतो. चालू करताना आधी रिमोट, मग गाडी. बंद करताना आधी गाडी. हे सगळं करूनही जुनी जोडी बोललीच नाही, तर २.४ गिगाहर्ट्झचा नवा दोन चॅनेलचा रिमोट घ्या आणि जुना खोक्यात जपून ठेवा. मात्र जुन्या सर्व्होच्या प्लगमध्ये तारांचा क्रम कंपनीप्रमाणे बदलायचा. मल्टिमीटरने प्लस-मायनस बघितल्याशिवाय नव्या रिसीव्हरला जोडू नका, सर्व्हो जागीच जळेल.

बंपरचा एम-सील धरून असेल तर राहू द्या. सुटला तर नवीन बंपर लावून चालवा, जुना जपून ठेवा. टायरचंही तसंच. चिरलेला रबर कशानेही सांधत नाही, मागची जोडी नवीन घ्या. फेव्हिक्विकने बॉडीची चीर जोडू नका, तो सांधा काचेसारखा तडकतो. पॉलिस्टायरिनला मॉडेल बनवणारे वापरतात तो 'सिमेंट' नावाचा पातळ गोंद लागतो, तो दोन्ही कडा विरघळवून एक करतो. सुटलेले स्टिकर पाणी मिसळलेल्या फेव्हिकॉलने बसतात.

नवी बॅटरी ७.२ व्होल्टची निकेल-मेटल-हायड्राइड घ्या. ३००० एमएएचची असेल तर ३०० मिलिअँपिअरने चौदा ते सोळा तास, किंवा भरल्यावर आपोआप थांबणारा चार्जर. उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी चार्जिंग करू नका. आपल्याकडे ४२-४३ अंश असताना सेल आधीच तापलेला असतो, रात्री किंवा पहाटे लावा.

चालवायला उन्हाळ्यात काळं रान घेऊ नका, भेगांत चाक अडकून ते धरणारा गाडीचा पुढचा दांडा मोडतो. मुरमाचा रस्ता उत्तम. गाडी उड्या मारेल, ते बघून घाबरू नका. तिच्या शॉकअपमध्ये तेल नसतं, नुसत्या स्प्रिंगा. १९८४ सालीही ती अशीच उडायची, आणि बाबांना ते आठवत असणार.

प्रश्न : माझ्याकडच्या जुन्या रिमोट कारची पांढरी बॉडी पिवळी पडली आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवली की पांढरी होते म्हणतात. करू का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : होते, पण नीट केलं तरच. मेडिकलमध्ये ६ टक्क्यांचं मिळतं, तेवढं पुरे. स्टिकर असतील तिथे करूच नका, त्यांचा रंग उडतो. बॉडी पूर्ण बुडेल असं पारदर्शक भांडं घ्या. ब्रशने लावलं की वाळलेल्या जागी ढग उमटतात आणि ते ढग नंतर जात नाहीत. आपलं ऊन कडक आहे, दर तासाला उलटून बघा आणि हवा तेवढा रंग आला की काढून धुवा. काही वर्षांनी पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. गाडी चालवण्यासाठी याची गरज नाही, म्हणून मी माझ्या गाड्यांना करत नाही.

प्रश्न : जुन्या टामियाला लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी घातली तर जास्त पळेल ना? मेकॅनिकल स्पीड कंट्रोलर आहे.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : पळेल, पण घालू नका. दोन सेलची लायपो भरलेली असताना ८.४ व्होल्टची असते, आणि दर सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की ती बिघडते, फुगते, पुढच्या चार्जिंगला पेटूही शकते. नव्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरमध्ये त्याआधी मोटर बंद करण्याची सोय असते. मेकॅनिकल कंट्रोलर ही नुसती पितळी पट्टी, तो शेवटच्या थेंबापर्यंत वीज ओढत राहतो. निकेल-मेटल-हायड्राइडच वापरा.