लेकराचं ऑटिझम-एडीएचडी आणि इंग्लंडची शाळा: निघायच्या आधी कोल्हापुरातच करून घ्यायच्या गोष्टी

ताई, तुम्ही विचारलंय की राजारामपुरीतनं लीड्सला यायचंय, पोरगा सात वर्षांचा, ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही आहे, तर शाळेला आधी सांगायचं का गप बसायचं, आणि कोल्हापुरातले रिपोर्ट इथं चालतात का. आम्ही शाहूपुरीचे, आता इकडंच असतोय, पोरीचं हेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सांगा. पहिल्या दिवशी सांगा. आपल्याकडं अॅडमिशन हुकेल म्हणून झाकायची सवय लागते, पण इथं सरकारी शाळा फुकट, वर्क व्हिसावाल्यांच्या पोरांना पण, आणि वर्षाच्या मधे आलात तरी कौन्सिलकडनं, म्हणजे इथल्या पालिकेकडनं, जागा मागता येते. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत, असं बघून लोक घाबरतात, तर शाळेतली मदत त्यात धरत नाहीत. डीएलए म्हणून अपंग मुलांसाठीचा भत्ता आहे, तो मात्र धरतात, त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता खरी गोम. नवीन आलेलं पोरगं वर्गात बोलेना, सांगितलेलं ऐकेना, की शाळा म्हणते इंग्लिश नवीन आहे, रुळेल, एक-दोन टर्म बघू. आपण पण मान डोलावतो आणि वर्ष जातं. हाच अडथळा मराठीत पण होता हे दाखवणारा कागद फक्त तुमच्या कोल्हापूरच्या थेरपिस्टकडं आहे बघा! म्हणून निघायच्या आधी त्यांच्याकडनं आणि आत्ताच्या बाईंकडनं इंग्लिशमधे लिहून घ्या. नुसतं डायग्नोसिस आणि स्कोअर नको, ते तर असतंयच. बेल वाजली की कान झाकून बाकाखाली जातो, दोन सूचना एकदम दिल्या की दुसरी हरवते, डबा खाताना शेजारी कुणी चालत नाही, चित्रांचं टाइमटेबल लावल्यावर रडणं कमी झालं, असं लिहून पाहिजे. यूडीआयडी, म्हणजे आपल्याकडचं अपंगत्वाचं कार्ड, आणा, पण त्याचा इथं हक्क म्हणून काही उपयोग नाही.

शाळेत सेन्को म्हणून एक टीचर असतात, असल्या पोरांचं सगळं त्या बघतात, त्यांची वेळ घ्या आणि भेटीनंतर काय ठरलं ते त्याच दिवशी ईमेल करा. तोंडी बोललेलं इथं कुणी धरत नाही. शाळेच्या मदतीनं भागत नसेल तर ईएचसी प्लॅनसाठी, म्हणजे पोराला काय मदत द्यायची हे कौन्सिलला बांधून घेणाऱ्या कागदासाठी, कौन्सिलकडं असेसमेंट (तपासणी) मागायची. 2014 च्या कायद्यानं आईबाप स्वतः मागू शकतात, शाळेच्या होकाराची गरज नाही, इथलं डायग्नोसिस पण लागत नाही, ते एक बरंय कारण एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यांची, वेटिंग लिस्ट लय लांब आहे. 6 आठवड्यांत हो-नाही कळवायचं आणि 20 आठवड्यांत फायनल प्लॅन द्यायचा असा नियम, पाळतात किती तो भाग वेगळा. नाही म्हणाले तर ट्रायब्युनलला अपील, त्याला फी नाही. प्रत्येक भागात सेंडियास म्हणून फुकट सल्ला देणारे असतात, त्यांना आधीच गाठून ठेवा.

प्लॅनचा ड्राफ्ट हातात आला की थेट सेक्शन एफ उघडा, मदत काय मिळणार ते तिथं असतंय. आमच्यात लिहिलेलं, 'गरजेनुसार स्पीच थेरपीचा लाभ'. म्हणजे काय, गरज कोण ठरवणार? उत्तराला निदान 15 दिवस मिळतात, तेवढ्यात आम्ही भांडून आठवड्यातनं किती वेळा, किती मिनिटं, कोण देणार असं करून घेतलं. आकडा नसेल तर नंतर मागायला काही हातात राहत नाही. आणि हे सगळं इंग्लंडचं बरं का, स्कॉटलंडला वेगळी पद्धत आहे. इथं पण बदल करायच्या हालचाली चालू आहेत, तेव्हा यायच्या वेळी ताजे नियम बघून घ्या.

घरी मराठी बंद करा म्हणून कुणी सांगितलं तर ऐकू नका. आमची पोरगी आजीशी फोनवर कोल्हापुरीतच भांडते, तिचं इंग्लिश काही अडलं नाही.

औषधाचं तेवढं नीट करा. एडीएचडीसाठी मेथिलफेनिडेट चालू असेल तर ते इथं कंट्रोल्ड ड्रग, म्हणजे कायद्यानं निर्बंध असलेलं औषध, आहे, पोराचं नाव, औषधाचं नाव, डोस असं डॉक्टरांचं इंग्लिश पत्र हँडबॅगेत पाहिजे, आणि तीन महिन्यांचा किंवा जास्त साठा आणायचा तर वेगळं लायसन लागतंय. आल्या आल्या जीपीकडं, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडं, नाव नोंदवा, पण ते लगेच तीच गोळी लिहून देतील असं धरून चालू नका, बहुतेक आधी स्पेशालिस्टकडं पाठवतात. मधले महिने कसे काढायचे हे तिथल्या डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा.