सही करायच्या आधी हे वाच

अगं, गाणं ऐकलं, मग परत परत ऐकलं. दुसऱ्या कडव्यात हलगी येते ना, तिथे मान आपोआप डोलते, फार छान झालंय. तू विचारलंयस व्हिडिओबद्दल, नऊवारी घेऊ की खणाचा ड्रेस, ड्रोन परवडेल का, आणि सगळ्यात शेवटी एका ओळीत लिहिलंयस की एक कंपनी गाणं एकरकमी मागतेय. मला त्या शेवटच्या ओळीचीच काळजी लागलीय.

कपड्यांचं आधी पटकन सांगते, कारण तेही महत्त्वाचंच आहे. २०२४ मध्ये संजू राठोडचं 'गुलाबी साडी' आलं, मागे मोठा सिनेमा नाही, तरी गल्लोगल्ली बायका गुलाबी साडी नेसून रील करत होत्या, कारण कपाटातली साडी काढली की कुणालाही त्या गाण्यात शिरता येत होतं. पूर्वी फॅशन पडद्यावरून दुकानात यायची, आता २०२० मध्ये टिकटॉक बंद होऊन रील्स आल्यापासून गाणंच थेट कपाटापर्यंत जातं. तुझ्या मुखड्यात आईचं हिरवं लुगडं आहे, मग तेच नेस, पदराचा क्लोजअप घे, भाड्याची शिवलेली नऊवारी नको आणि ड्रोन तर अजिबात नको.

आता कागद. तू पाठवलेल्या फोटोत चौथ्या मुद्द्यात लिहिलंय, 'कायमस्वरूपी, संपूर्ण विश्वात, आज असलेल्या व पुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत'. कॅसेटच्या जमान्यात असेच दोन ओळींचे कागद पुढे सरकवले जायचे, गाणारा शाहीर हातात पडेल ते घेऊन एसटीने गावी जायचा आणि त्याचं गाणं पुढची वीस वर्षं लग्नात वाजायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय गं. तेव्हा कायदाही आपल्या बाजूने फारसा नव्हता. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला, जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले, आणि आता गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा विकताच येत नाही, तो फक्त वारसांना नाहीतर कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे कलाकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला देता येतो. म्हणजे कंपनीने 'रॉयल्टी सोडली' असं लिहून घेतलं तरी ते चालत नाही. करार करताना जे माध्यम नव्हतंच ते नाव घेऊन लिहिलेलं नसेल तर त्यावरचा हक्कही जात नाही. मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात, म्हणूनच ते 'कायमस्वरूपी' एवढं ठासून लिहितात, तू ते खोडून वर्षं लिहायला सांग.

पण एक गोष्ट वेगळी आहे. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग हे तीन वेगवेगळे हक्क. रेकॉर्डिंगचा, म्हणजे मास्टरचा मालक ज्याने रेकॉर्डिंग करवून घेतलं तो, आणि तुझ्या केसमध्ये ते तूच घरी स्वतःच्या पैशाने केलंयस, त्यामुळे कंपनी तुझ्याकडून खरं तर मास्टर मागतेय आणि तो एकदा विकला की गेला. विकण्याऐवजी ठरावीक वर्षांसाठी लायसन्स, म्हणजे नुसती वापरायची परवानगी दे.

आणि ती बीट, म्हणजे आवाजामागचा तयार ट्रॅक, कुठून आणलीस? यूट्यूबवर 'फ्री' लिहिलेल्या बीट बहुतेक वेळा कमाईसाठी फ्री नसतात, गाणं चाललं की मागून कंटेंट आयडीचा, म्हणजे दुसऱ्याचं संगीत आपोआप ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा, क्लेम येतो आणि पैसे दुसऱ्याकडे वळतात. मित्राने केली असेल तर आत्ताच, गाणं कुणी ओळखत नाही तोवरच, कुणाचा किती टक्के हे मेसेजवर का होईना लिहून घे, हलगीवाल्या दादांचं मानधन आणि नाव पण. मग आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं मेंबर हो, गाणं तिथे नोंदव, गायिका म्हणून इसाम्रा, ती गायक-वादकांची सोसायटी, वेगळी बघ.

स्ट्रीमिंगच्या पैशावर मात्र घर चालेल असं धरू नकोस. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं तरच एक स्ट्रीम मोजतात आणि २०२४ पासून वर्षात हजार स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याला काहीच मिळत नाही. पैसा शोमध्ये आहे, हळदी, गणपती, दहीहंडी, आणि तिथे बोलावणं येतं ते गाण्यावर तुझं नाव असेल तरच.

कंपनीला आज फक्त एवढंच कळव की कागद वकिलाला दाखवून सांगते. घाई करायला लागले तर मला लगेच फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझी ताई