आधी शुद्ध नमुना, मग नॅनोकण

द्रवस्फटिकात (लिक्विड क्रिस्टलमध्ये) सोन्याचे नॅनोकण मिसळून बघायचे असतील, तरी पहिल्याच दिवशी कण मागवू नकोस. आधी नुसतं ५सीबी, म्हणजे प्रयोगांत नेहमी वापरला जाणारा एक द्रवस्फटिक, घे. साधारण ३५ अंश सेल्सिअसला ते नेमॅटिक अवस्था (रेणू साधारण एकाच दिशेला वळलेले, तरी वाहते) सोडतं, साधा द्रव होतं आणि काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरमधलं (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या चकत्यांमधलं) रंगीत चित्र काळं पडतं. हे तापमान तीनदा सारखं आलं, की मगच कण घाल.

नेहमीच्या चुका:

- कण जास्त घालणं. वजनाच्या ०.१ टक्क्यापासून सुरू कर. गुठळ्या झाल्या तर मोजमाप गुठळ्यांचंच होतं.
- घाईने तापवणं. मिनिटाला अर्धा अंश पुरे.
- कण ज्यात मिसळून घातले तो द्रावक (माझ्याकडे टोल्युइन) पूर्ण न उडवणं. उरलेलं टोल्युइनही नेमॅटिक अवस्था सुटण्याचं तापमान खाली आणतं आणि श्रेय मात्र कणांना मिळतं! मी महिनाभर असाच फसलो होतो.

व्होल्टेज लावून बघणं नंतर.