नोकरी सांभाळून एमएस्सी करू की एमबीए?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. बीएस्सी केमिस्ट्री, वय ३८, जळगाव एमआयडीसीतल्या पाइप कारखान्यात १४ वर्षं क्वालिटीचं काम, आणि आता मालक अख्खा प्लांट तुमच्याकडे सोपवायचं म्हणताहेत. भुसावळहून रोजची ये-जा, त्यामुळे नोकरी सोडून शिकणं जमणार नाही.

मी म्हणेन, एमबीए करा, तोही ऑपरेशन्स किंवा फायनान्समधला. केमिस्ट्री तुमच्या हातात बसलेली आहे. प्लांट ताब्यात आला की अडतं ते दुसरीकडेच.

मी दालमिलमध्ये होतो. दाताखाली दाणा धरून तुरीचा ओलावा सांगायचो. एकदा शेठनी विचारलं, "ही डाळ आपल्याला किलोमागे कितीला पडली?" उतारा, म्हणजे क्विंटलभर तुरीतून डाळ किती निघते, हे मला तोंडपाठ, पण चुनीचे (डाळ भरडताना निघणाऱ्या चुऱ्याचे) आलेले पैसे कुठे वजा करायचे, वीज-मजुरी कशी वाटायची, काही सांगता येईना. फार लागलं मनाला. त्या दिवसापासून महिनाभर खिशात छोटी वही ठेवली. जिथे अडेन ते लिहायचं. वही भरली ती हिशेब, उधारी आणि कामगारांच्या पाळ्यांनी. मशीनबद्दल जेमतेम दोन ओळी. अर्ज भरण्याआधी तुम्हीही अशी वही करा. तिच्यात रेझिन (पाइपचा कच्चा माल) आणि टेस्टिंगच जास्त आलं, तर माझं ऐकू नका, एमएस्सीच करा.

दूरशिक्षणाच्या पदवीला कमी लेखू नका. मान्यताप्राप्त विद्यापीठाची ती पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असं यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. फक्त तुमच्या सत्रासाठी त्या कोर्सला मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या साइटवर स्वतः बघा. मागच्या तारखेची डिग्री मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाला दारातही उभं करू नका. पुढे कागदपत्रांची पडताळणी झाली तर १४ वर्षांचं नाव एका दिवसात जाईल.

मी इग्नूमधून एमबीए केला. तो कमीत कमी दोन वर्षांत होतो, चार वर्षांपर्यंत लांबवताही येतो. परीक्षा जून आणि डिसेंबरला. असाइनमेंटला ३० टक्के वजन असतं, त्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. मे महिन्यात रात्री कूलरसमोर बसून, कागद उडू नयेत म्हणून वर पाण्याचा तांब्या ठेवून मी त्या लिहिल्यात. तुमचा पाइपांचा सीझनही ऐन उन्हाळ्यातच, तेव्हा जूनला दोनच पेपर ठेवा, बाकीचे डिसेंबरला द्या.